८ च्या शेजारी २ का बसत नाही?

प्रश्न असा आला आहे. विचारणाऱ्याने पायथन या संगणक-भाषेत पहिल्या दहा हजार मूळ संख्या काढल्या, लागोपाठच्या मूळ संख्यांमधली अंतरं एका रांगेत लिहिली आणि त्या रांगेत २ जिथे जिथे येतो त्या जागांची वेगळी क्रमिका केली: १, २, ४, ६, ९, १२, १६... आता त्याला जाणून घ्यायचं आहे की ही क्रमिका नवी आहे का, ८ च्या लगेच आधी किंवा नंतर २ एकदाही का दिसला नाही, आणि जोडमूळ संख्यांच्या (म्हणजे ११-१३ सारख्या, २ च्या अंतराने येणाऱ्या मूळ संख्यांच्या) जोड्या कधीच संपत नाहीत हे या मार्गाने सिद्ध होईल का.

मधला प्रश्न सगळ्यात चांगला आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. अंतरांची रांग समोर ठेवा:

१, २, २, ४, २, ४, २, ४, ६, २, ६, ४, २, ४, ६, ६, २, ६, ४, २, ६, ४, ६, ८, ४, २, ४, २, ४, १४, ४, ६, २, १०, २, ६...

सुरुवातीचे १ आणि पहिला २ सोडून द्या. ती २ आणि ३ ची कृपा. त्या दोघी कुठल्याच नियमात बसत नाहीत. ५ पासून पुढे बघा आणि रांगेतून ६ ने भाग जाणारी सगळी अंतरं खोडा. उरतं ते असं:

२, ४, २, ४, २, ४, २, ४, २, ४, २, ४, २, ४, ८, ४, २, ४, २, ४, १४, ४, २, १०, २...

आता प्रत्येक आकड्याला ६ ने भागून फक्त बाकी लिहा. ८ ची बाकी २, १४ ची २, १० ची ४. म्हणजे २, ४, २, ४, २, ४... घड्याळाच्या लंबकासारखं. कुठेही मोडत नाही आणि मोडणारही नाही. कारण तीन ओळींचं आहे. ३ पेक्षा मोठी कुठलीही मूळ संख्या ६ च्या पटीच्या एक अलीकडे असते किंवा एक पलीकडे. अलीकडून पलीकडे गेलात तर अंतराची बाकी २, पलीकडून अलीकडे आलात तर ४, आणि ज्या बाजूला होतात त्याच बाजूला राहिलात तर बाकी शून्य. एकदा पलीकडे गेलेला माणूस परत अलीकडे आल्याशिवाय दुसऱ्यांदा पलीकडे जाऊ शकत नाही. म्हणून २ च्या वर्गातली दोन अंतरं (२, ८, १४, २०, २६...) शेजारी शेजारी बसूच शकत नाहीत, मध्ये ४ च्या वर्गातलं एखादं (४, १०, १६, २२...) यावंच लागतं.

तर ८ च्या शेजारी २ नाही हा योगायोग नाही, नियम आहे. दहा हजारच काय, दहा अब्ज संख्या तपासल्या तरी दिसणार नाही. ११३ आणि १२७ मध्ये १४ चं पहिलं मोठं भगदाड पडतं. त्याच्या दोन्ही काठांना जोडमूळ जोडी टेकलेली नाही, तेही याच कारणाने. १०७-१०९ ही जोडी त्या खड्ड्याच्या अगदी जवळ येते, पण मध्ये ४ ची एक पायरी आहेच. उलट १८ चं पहिलं अंतर ५२३ पासून ५४१ पर्यंत आहे, आणि ५२१-५२३ ही जोडी थेट त्याच्या काठावर उभी आहे. १८ ला ६ ने भाग जातो, त्याला कुणाचंच वावडं नाही.

याच नियमातून आणखी एक गोष्ट फुकट मिळते. २ च्या वर्गातली एकूण अंतरं आणि ४ च्या वर्गातली एकूण अंतरं यांच्या संख्येत कुठेही थांबलात तरी एकापेक्षा जास्त फरक पडणार नाही. पण लक्ष द्या, हे वर्गांबद्दल आहे, खुद्द २ आणि ४ बद्दल नाही. दहा लाखांच्या आत २ च्या जोड्या ८,१६९ आणि ४ च्या (३-७ ही धरून) ८,१४४. इतके जवळजवळ सारखे का, हे लंबक सांगत नाही. ते हार्डी आणि लिटलवुड या गणितज्ञांच्या १९२३ च्या अटकळीत आहे, आणि ती अटकळ आजही अटकळच आहे.

इथे एक कबुली. कॉलेजात असताना मी ही अंतरं आलेखाच्या वहीत हाताने लिहायचो. एके दिवशी ९१ ही मूळ संख्या धरली. शिष्यवृत्तीच्या पोरांना विचारा, ९१ किती जणांना गंडवतो! ८९-९१ अशी एक जादा जोडी माझ्या पदरात पडली, पुढच्या सगळ्या जागा एकाने सरकल्या आणि त्या सरकलेल्या यादीवर मी आठवडाभर एक सुंदर 'नियम' बांधत बसलो. गंमत म्हणजे लंबकाने मला सावध केलं नाही. ८९ ते ९७ हे ८ चं अंतर मी २ आणि ६ असं तोडलं होतं. ६ खोडला की २ च राहतो, बाकीचा ताल शाबूत. ५१, ५७ किंवा ८७ मूळ धरली असती तर लागलीच दोन ४ किंवा दोन २ शेजारी आले असते आणि चूक उघडी पडली असती, कारण त्या ३ च्या पटी आहेत. ९१ म्हणजे ७ × १३. तिथे ६ ची चाळणी आंधळी असते. यादी नियमात बसते म्हणून ती बरोबर आहे असं समजू नका.

आता क्रमिका नवी आहे का. पायथन शून्यापासून मोजतो, आपण १ पासून. तुमच्या प्रत्येक पदात एक मिळवा: २, ३, ५, ७, १०, १३, १७, २०, २६, २८, ३३, ३५, ४१, ४३, ४५, ४९, ५२, ५७, ६०, ६४, ६९, ८१... पूर्णांक क्रमिकांचा जो ऑनलाइन कोश आहे, ओईआयएस, त्यात ही ए०२९७०७ या क्रमांकाने नोंदलेली आहे. सुरुवातीची २, ३, ५, ७ ही पदं स्वतःच मूळ आहेत हे पाहून हुरळून जाणारे तुम्ही पहिले नाही. पाचवं पद १० आहे, तिथेच विषय मिटतो. लहान संख्या फार थोड्या आहेत आणि त्यांना कामं फार. त्या एकाच वेळी दहा ठिकाणी दिसतात.

त्याच कोशात ए०२७८३३ ही क्रमिका जरूर बघा. तुमच्या क्रमिकेच्या लागोपाठच्या पदांमधला फरक, म्हणजे अंतरांच्या रांगेत एका २ पासून पुढच्या २ पर्यंत किती पावलं, ते ती सांगते:

१, २, २, ३, ३, ४, ३, ६, २, ५, २, ६, २, २, ४, ३, ५, ३, ४, ५, १२, २, ६, ९...

मला विचाराल तर मूळ संख्यांची अंतरं आणि जोडमूळ संख्या यांना जोडणारी सगळ्यात बोलकी क्रमिका हीच. यात १ फक्त एकदा, अगदी पहिल्या जागी आहे: ३, ५, ७. पुढे तो येणार नाही, कारण लागोपाठच्या तीन विषम संख्यांपैकी एक ३ ने भागली जातेच. २ येतो तेव्हा दोन जोड्यांच्या मध्ये एकही सुटी मूळ संख्या नसते, आणि मग दोन २ च्या मधलं एकटं अंतर ४ किंवा १० किंवा १६ असं ४ च्या वर्गातलंच असतं. यादीत '२, २' असं जिथे दुसऱ्यांदा सलग दिसतं तिथे १७९, १८१, १९१, १९३, १९७, १९९ अशा तीन जोड्या एकमेकींना लगटून आहेत. आणि तो १२? ३४७-३४९ नंतर पुढची जोडी थेट ४१९-४२१. पुढे ६५९ पासून ८०९ पर्यंत तर वीस पावलं चालावं लागतं.

हे आकडे पुढे मोठे होत जातात, पण किती हळू ते पाहा. शंभरच्या आत २५ मूळ संख्या आणि ८ जोड्या. त्या आठ पाचवीतच पाठ होतात. म्हणजे दर जोडीमागे ३.१ मूळ संख्या. हजारच्या आत १६८ आणि ३५, म्हणजे ४.८. दहा हजारांत १,२२९ आणि २०५, म्हणजे ६. लाखात ९,५९२ आणि १,२२४, म्हणजे ७.८. दहा लाखांत ७८,४९८ आणि ८,१६९, म्हणजे ९.६. कोटीत ६,६४,५७९ आणि ५८,९८०, म्हणजे ११.३. दहा कोटींत ५७,६१,४५५ आणि ४,४०,३१२, म्हणजे १३.१. सुरुवातीची धडपड सोडली तर मर्यादेला एक शून्य लावलं की सरासरी साधारण पावणेदोनाने वाढते. हार्डी-लिटलवुडच्या अंदाजातून दर शून्यामागे १.७४ येतं. असा बिनसिद्धतेचा अंदाज इतका तंतोतंत जुळतो तेव्हा मला अजूनही जरा अस्वस्थ व्हायला होतं.

आता जोड्या कधीच संपत नाहीत याच्या सिद्धतेकडे. आधी प्रश्नाचं रूप बदलू, म्हणजे अडचण कुठे आहे ते दिसेल. ५-७ पासून पुढे प्रत्येक जोडीच्या मधली संख्या ६ ची पट असते: ६, १२, १८, ३०, ४२, ६०, ७२, १०२... तिला ६ ने भागा. १, २, ३, ५, ७, १०, १२, १७, १८, २३, २५, ३०, ३२, ३३, ३८, ४०, ४५, ४७, ५२, ५८, ७०... ही ए००२८२२. आता मूळ संख्या विसरा आणि या छोट्या आकड्यांवर चाळणी लावा. ५ ने भागल्यावर बाकी १ किंवा ४ उरली तर तो आकडा बाद, कारण जोडीतली एक बाजू ५ ने भागली जाते. ७ साठी बाकी १ किंवा ६ असेल तर बाद. ११ साठी २ किंवा ९, १३ साठी २ किंवा ११. १७ आणि १९ साठी बाकी ३, किंवा भाजकाला ३ कमी. मूळ संख्येला ६ ने भागून जवळचा पूर्णांक घ्या, तोच अधिक-उणे. अपवाद एवढाच की कुठलीही मूळ संख्या स्वतःच्याच जोडीला बाद करत नाही.

३१ ते ४० करून बघू. यातली सगळ्यात मोठी संख्या २४१ होईल, तेव्हा १३ पर्यंतच्या मूळ संख्या पुरतात. ५ मुळे ३१, ३४, ३६, ३९ गेले. ७ कडे नवीन काही नाही; तो ३४ आणि ३६ मागतो, ते आधीच गेलेत. ११ साठी ३५ ची बाकी २, म्हणून ३५ गेला: २०९ म्हणजे ११ × १९. १३ साठी ३७ ची बाकी ११, तोही गेला: २२१ म्हणजे १३ × १७. उरले ३२, ३३, ३८, ४०. सहाने गुणा: १९१-१९३, १९७-१९९, २२७-२२९, २३९-२४१. कागदाच्या अर्ध्या पानात चार जोड्या, मोठा भागाकार एकही नाही.

पटी खोडत मूळ संख्या शोधण्याच्या इरॅटोस्थेनिसच्या नेहमीच्या चाळणीत प्रत्येक मूळ संख्या एकच रांग काढते, इथे दोन काढते. म्हणून जोड्या मूळ संख्यांपेक्षा झपाट्याने विरळ होतात. विगो ब्रून याने १९१९ मध्ये दाखवलं की सगळ्या जोड्यांच्या व्यस्तांची बेरीज अनंताकडे जात नाही, १.९ च्या आसपास थांबते. मूळ संख्यांच्या व्यस्तांची बेरीज मात्र थांबत नाही. (हीच बेरीज काढताना १९९४ मध्ये थॉमस नाइसली या प्राध्यापकांना पेंटियम चिपच्या भागाकारातली चूक सापडली. जोडमूळ संख्यांचा व्यवहारात उपयोग काय, असं कुणी विचारलं की मी एवढंच सांगतो.)

या चाळणीत बाद झालेल्या आकड्यांना एकच सूत्र आहे: ६ × अ × ब ± अ ± ब, जिथे अ आणि ब हे १ किंवा मोठे पूर्णांक. अ आणि ब दोन्ही १ घेतले तर ४, ६, ८ मिळतात. यादीत तिघेही नाहीत. अ = १, ब = २ घेतलं तर ९, ११, १३, १५. त्यातला १५ म्हणजे माझा तो ९१. तेव्हा जोडमूळ अटकळ अशीही मांडता येते: या रूपात कधीच न येणारे धन पूर्णांक असंख्य आहेत. मूळ संख्येचा उल्लेखही नाही, आठवीच्या मुलाला समजेल असं विधान, आणि ते आजवर कुणालाही सिद्ध करता आलेलं नाही.

तुमच्या मार्गाची अडचण इथेच आहे. लंबकाचा नियम, ६ ची पट, शेवटचे अंक, हे सगळं २ ला काही जागी बसायला मनाई करतं. २ ने कुठेतरी बसलंच पाहिजे असं त्यातलं एकही सांगत नाही. २ उद्यापासून यायचा बंद झाला आणि त्याची जागा ८, १४, २० यांनी घेतली, तरी लंबक तसाच हलत राहील. बाक्यांच्या हिशोबातून आलेली कुठलीही क्रमिका कितीही सुरेख असली तरी ती इथे येऊन अडते. दरवर्षी दोन-तीन 'सिद्धता' माझ्याकडे येतात. बहुतेकांत याच पायरीवर 'स्पष्टच आहे की' असे शब्द असतात.

चाळणी जास्त बारीक केली तर? बरंच पुढे जाता येतं. चेन जिंगरुन यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सिद्धतेनुसार अशा असंख्य मूळ संख्या आहेत की त्यांत २ मिळवले की येणारी संख्या मूळ असते किंवा फार तर दोन मूळ संख्यांचा गुणाकार. 'फार तर दोन' वरून 'एकच' वर येणं मात्र निव्वळ चाळणीला जमत नाही, कारण एखाद्या संख्येचे मूळ अवयव सम संख्येने आहेत की विषम, हे तिला ओळखता येत नाही. २०१३ मध्ये यितांग झांग यांनी दुसऱ्या बाजूने मजल मारली: लागोपाठच्या मूळ संख्यांमधलं अंतर ७ कोटींपेक्षा कमी असणं असंख्य वेळा घडतं. जेम्स मेनार्ड यांनी वेगळ्या पद्धतीने ते ६०० वर आणलं, आणि २०१४ पर्यंत पॉलिमॅथ या सामूहिक प्रकल्पात ते २४६ वर आलं. तुमच्या रांगेच्या भाषेत सांगायचं तर २४६ किंवा त्याहून लहान असा निदान एक आकडा त्या रांगेत असंख्य वेळा येतो. तो कुठला? एकाही आकड्याकडे बोट दाखवून 'हा' असं म्हणता येत नाही. २ नाही, ४ नाही, ६ सुद्धा नाही.

तरी क्रमिका करणं सोडू नका. आपल्याकडे देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर हेच करत आले. डेमलो, म्हणजे आजच्या डोंबिवली, स्टेशनवर सुचलेल्या १, १२१, १२३२१ या संख्या त्या नावाने आज त्याच कोशात आहेत. फक्त पद्धत सांभाळा. निदान पन्नास पदं काढा, मोजणी १ पासून की शून्यापासून ते लिहा, दोन वेगळ्या पद्धतींनी पदं जुळवा, आणि कोशात शोधताना पहिली दोन-तीन पदं गाळूनही शोधा. सुरुवातीच्या अपवादांमुळे जुळणारी क्रमिका बरेचदा हुकते.

आणि हात शिवशिवत असतील तर हे करून बघा. जोडमूळ जोडीच्या लगेच आधीचं अंतर ४, ६, १०, १२, १६, १८, २२ असं ४ किंवा शून्य बाकीचंच असू शकतं, हे आता तुम्हाला माहीत आहे. त्यातल्या प्रत्येक अंतरासाठी, त्या अंतरानंतर येणारी सगळ्यात लहान जोडी शोधा आणि तिची पहिली संख्या लिहा. मला हाताने मिळालं ते असं: ११, २९, १४९, ५२१, १९४९, १२७७, ११५१. १६ च्या अंतराला १९४९ पर्यंत थांबावं लागतं कारण १८३१ नंतर येणारी १८४७ मूळ आहे, पण १८४९ म्हणजे ४३ चा वर्ग. २२ मात्र पहिल्याच फटक्यात, ११२९ नंतर, जोडी घेऊन येतो. पुढचं पद २४ च्या अंतराचं. १६६९ नंतरची १६९३ चालणार नाही, कारण १६९५ ला ५ ने भाग जातो. तिथून पुढे तुम्ही बघा.